सोड्याचा ज्वालामुखी आणि विसरलेले पाणी

शालेय विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीची प्रतिकृती हमखास असते. मातीचा डोंगर, आत बाटली, बाटलीत खाण्याचा सोडा. वरून लाल रंगाचे व्हिनेगर ओतले की फेस उतू जातो, टाळ्या पडतात. या प्रतिकृतीत बरोबर काय आणि चूक काय, हे मात्र क्वचितच तपासले जाते.

तिच्या बाजूनेही बोलले पाहिजे. वायूचे बुडबुडे द्रवाला वर ढकलतात, हे ती खरेच दाखवते. शिलारसात विरघळलेले वायूही हेच करतात. पण तिच्यात उष्णता नाही आणि भूजलही नाही. पाण्याची वाफ झाली की साध्या दाबाला तिचे आकारमान सुमारे १,७०० पट होते. खडकाच्या फटींत कोंडलेल्या पाण्याला शिलारसाची धग लागली, तर वाफ खडक फोडून वाट काढू शकते. जपानमधील ओन्ताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी असाच वाफेचा स्फोट झाला. ताजा लाव्हारस वर आला नव्हता, तरी ६३ माणसे मृत वा बेपत्ता झाली. सोड्याच्या डोंगरावरून हे कसे कळावे?

दुसरी उणीव नागपूरकरांना अधिक बोचावी. शंकूसारखा डोंगर पाहून मुलांना वाटते, ज्वालामुखी ही परदेशातली गोष्ट. प्रत्यक्षात आपल्या सीताबर्डी टेकडीवरच भेगांतून वाहत आलेल्या लाव्हारसाचे थर आहेत. ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांना टाकळी येथे अशा थरांमधील गाळात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष सापडले. म्हणजे एका प्रवाहानंतर तेथे पाणी साचले आणि पुढचा प्रवाह त्या गाळावर पसरला.

मग तेथे स्फोट झाला असेल का? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. पाणी उघडे आहे की कोंडलेले, किती आहे, शिलारसात कितपत मिसळते, यावर उत्तर अवलंबून असते. मुंबईत पाण्यात शिरलेल्या लाव्हारसाची वरची साय झटपट थिजली आणि उशांसारखे गोळे बनले. ते खडक आजही आढळतात.

प्रतिकृती टाकून देऊ नये. तिच्याशेजारी टाकळीच्या थरांचा छेद मांडावा आणि परीक्षकांनी मुलांना एवढेच विचारावे: यात पाणी कुठे आहे?