सायबिणीचे तेल

ग्वाल्हेरात महंमद घौसांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची साधी, बुटकी कबर आहे, आणि तिच्याजवळ एक चिंचेचे झाड आहे. या चिंचेचा पाला चघळला म्हणजे गळा गोड होतो अशी गावाची श्रद्धा आहे. गाणे शिकू लागलेल्या मुलाला तेथे नेऊन पाला चाखविणाऱ्यांत आमच्या महाराष्ट्रीय घरांतील सोवळी माणसेही असत. दरवर्षी तानसेन समारोहाच्या प्रारंभी या जागी ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा होते आणि मिलादही होतो. कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही. ज्यांचा हा मकबरा, ते सोळाव्या शतकातील शत्तारी पंथाचे सत्पुरुष नामजपाचे आणि सिद्धींचे विधी सांगणाऱ्या 'जवाहिर-ए-खम्सा' या ग्रंथाचे कर्ते. 'अमृतकुंड' हा योगावरील ग्रंथ फारसीत आणण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. तेव्हा संत, मंत्र आणि झाडपाला यांचा मेळ ही आम्हां ग्वाल्हेरकरांना परकी गोष्ट नव्हे.

हे सारे आठवण्यास कारण झाली इटलीसंबंधीची दोन पुस्तके. ख्रिस्ती संत आणि खेड्यातील जादूटोणा यांची सांगड घालून आपली एक खाजगी उपासना रचावयाची, असा प्रघात युरोप-अमेरिकेत गेल्या काही दशकांत बराच वाढला आहे. संत अँथनीची तसबीर, मेणबत्ती, दृष्टीचा तोडगा आणि एखादी प्राचीन देवी यांचा ज्याने त्याने आपापल्या रुचीप्रमाणे मेळ घालावा, असे हे वळण आहे. त्याच्या मुळाशी बहुधा अमेरिकन लेखक चार्ल्स लेलँड यांचे १८९९ सालचे 'अरादिया' हे पुस्तक सापडते. दुसरे पुस्तक एर्नेस्तो दे मार्तिनो या नेपल्सच्या विद्वानाचे. १९५९ साली इटालियनमध्ये निघालेल्या या पुस्तकाचे नाव 'दक्षिण आणि जादू' असे सांगता येईल. २०१५ साली ते इंग्रजीतही आले. विषय जवळचा, पण दृष्टी किती भिन्न असू शकते याचा हा नमुना आहे.

लेलँड यांचे म्हणणे असे की, फ्लॉरेन्सकडील माद्दालेना नावाच्या एका स्त्रीकडून त्यांना चेटकिणींच्या गुप्त धर्माची पोथी मिळाली. त्या धर्माची देवी दियाना, आणि चर्च व जमीनदार हे त्याचे वैरी. वाचावयास हे मोठे रंजक आहे. परंतु वकिलीच्या सवयीने आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो पुराव्याचा. साक्षीदार एकच, तीही उलटतपासणीस कधी उभी न केलेली, पुरावा सांगोवांगीचा, आणि जे ऐकण्याची लेखकास हौस, नेमके तेच ती सांगते. अनेक अभ्यासकांनी या पोथीविषयी शंका घेतली आहे, आणि ती रास्त आहे. शिवाय इटलीच्या खेड्यांत दृष्ट काढणारी बाई स्वतःस चर्चची वैरीण मुळीच मानीत नाही. ती रविवारी मिस्साला जाते आणि घरी येऊन तोडगा करते. तिच्या लेखी ही दोन्ही कामे एकाच देवाची.

दे मार्तिनो यांनी हीच बाई पाहिली. १९५० नंतरच्या दशकात लुकानिया या अति दरिद्री प्रांतात ते हिंडले. तेथे दृष्ट उतरविताना क्रूसाची खूण करीत प्रार्थना पुटपुटतात. विधी करणाऱ्या बाईला जांभया येतात, डोळ्यांतून पाणी वाहते. म्हणजे दुसऱ्याची पीडा ती स्वतःच्या अंगावर घेते. पाण्याच्या ताटलीत तेलाचे थेंब सोडून दृष्ट पाहण्याची रीतही इटलीत सर्वत्र आहे, आणि त्या वेळची प्रार्थना नाताळच्या आदल्या रात्रीच वडीलधाऱ्या बाईने धाकटीस शिकवावयाची, असा दंडक पुष्कळ ठिकाणी आहे. आमच्या वाचकांस हे ऐकून हसू येईल, कारण ग्रहणात मंत्र सिद्ध करणारे आणि 'पैसा घेतला की गुण जातो' म्हणणारे आजोबा त्यांनी पाहिलेले आहेत. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर होती, हा निवाडा तर घरोघरचा आहे. ज्या प्रांतात मूल जगेल की नाही याचा भरवसा नव्हता, तेथे माणसाचा जीव ठिकाणावर ठेवण्याचे काम या विधींनी केले, असे दे मार्तिनो म्हणतात. त्यांचे हे विवेचन आम्हांस मोलाचे वाटते. उणीव एवढीच की, त्यांना दुःख जितके स्पष्ट दिसले तितका उत्सव दिसला नाही.

उत्सवाबरोबर भांडणही असते. १८९३ साली सिसिलीत अवर्षण पडले, तेव्हा पालेर्मोच्या लोकांनी संत जोसेफची मूर्ती उन्हात बागेत नेऊन ठेवली, की बाबा, आता तूच पाहा! लिकाता गावात तर आपल्या ग्रामसंताची वस्त्रे काढून त्यास बेड्या घातल्या आणि फाशीचा धाक घातला. फ्रेझर यांच्या ग्रंथात ही हकीकत नमूद आहे. सुशिक्षितांस हा अडाणीपणा वाटेल. परंतु 'देव पाण्यात ठेवणे' हा वाक्प्रचार ज्या भाषेत रुळला आहे, तिच्या लेकरांनी तरी हसू नये. भांडण आपल्या माणसाशीच होते, आणि लिकाताचा तो संत अख्ख्या गावाचा होता.

आता गोव्याकडे वळू; कारण हा प्रश्न आमच्या समाजास खरा भिडतो तो तेथे. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. शिरगावची लईराई, केळबाय, महामाया, मोरजाय या बहिणींपैकीच एक मिराबाय, आणि तीच ही सायबीण, अशी लोकांची समजूत आहे. आमची आजी हे तेल नेमाने पाठवी. ज्यांच्या राज्यात १५६० साली मंगेशाला कुशस्थळी सोडून प्रियोळास जावे लागले, त्यांच्याच देवळात तेल का, असे आमच्या आईने एकदा विचारले. आजी एवढेच म्हणाली, ''भयण ती भयणच गो.'' बहीण बाटली म्हणून तिचे माहेर तुटत नाही, हा त्या चार शब्दांचा अर्थ कळावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली.

ही कथा केवळ गोडीगुलाबीची आहे असे मात्र कोणी समजू नये. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या इन्क्विझिशनवरील ग्रंथात १७३६ सालचा हुकूमनामा दिला आहे. बाटलेल्यांनी दारी तुळस लावू नये, लग्नात हळद लावू नये, अशी त्यातील मनाईची यादी लांबलचक आहे. वकिलास अशी यादी वाचता येते ती उलटी: इन्क्विझिशन येऊन पावणेदोनशे वर्षे लोटल्यावरही ज्याची मनाई करावी लागते, ते चालूच होते. तेव्हा गोव्यातील हा मेळ कोणी हौसेने घातलेला नाही. तो जखमेवर धरलेल्या खपलीसारखा आहे.

येथे आमच्या मते खरा भेद कळतो. कायद्यात मालक आणि विश्वस्त असे दोन निरनिराळे अधिकारी असतात. मालक आपल्या वस्तूचे हवे ते करील. विश्वस्ताच्या हाती वस्तू असते, पण ती दुसऱ्याची, दुसऱ्यासाठी, आणि तिचा हिशेब द्यावा लागतो. लुकानियातील ती बाई, मंत्र सांगणारे आजोबा, तेल पाठविणारी आजी ही सारी विश्वस्त होती. त्यांना विद्या कोणीतरी दिली होती, ती त्यांनी परक्याच्या लेकरासाठी वापरली, आणि बदल्यात काही घेतले नाही. नव्या खाजगी उपासनेत संत हा मालकीचा होतो. तो पुस्तकातून घेतला जातो, आपल्या कामासाठी राबविला जातो, आणि काम झाले नाही की बदलला जातो. लिकाताच्या लोकांनी संतास बेड्या घातल्या खऱ्या, पण त्यास टाकून दुसरा आणला नाही.

तथापि या नव्या उपासकांची थट्टा करावी असे आम्हांस वाटत नाही. त्यांतील कित्येक इटलीतून अमेरिकेत गेलेल्यांची नातवंडे आहेत. आजीची तसबीर हाती राहिली, तिची बोली आणि तिचे गाव गेले. मग उरलेली जागा ती पुस्तकांनी भरतात. आमची मुले ग्वाल्हेरात हिंदी बोलत वाढली; कुलदेवता शेकडो कोस दूर; कोकणी त्यांस कळते, येत नाही. उद्या तीही मंगेशाची तसबीर, एखादा ताईत आणि कुठलेसे स्तोत्र एकत्र मांडून बसली, तर दोष त्यांचा किती आणि हिशेब समजावून न देणाऱ्या आमचा किती?

म्हणून देवघरात कोणाची तसबीर आहे, यावर आमच्या बंधुभगिनींनी वाद घालू नये. ती कोणाकडून आली, तिच्यापुढे कोणासाठी हात जोडले जातात, आणि तिच्यापायी आपण काय सोडले, एवढे मुलांना सांगता आले म्हणजे पुरे. गेल्या खेपेस गोव्यास गेलो तेव्हा म्हापशास आजीच्या नावाने तेल घालून आलो. धाकट्या मुलीने कारण विचारले. आजीचे ते चार शब्द आम्ही तिला आजीच्याच बोलीत सांगितले.