गैरसमज होतो, विपर्यास केला जातो

मी वरवट बकालचा, असं सांगितलं की शहरातली माणसं हसतात. बकाल म्हणजे त्यांच्या लेखी घाण, अवकळा आलेली वस्ती. मूळ अरबी शब्द बक्काल. अर्थ भाजीपाला-किराणा विकणारा. जुन्या मराठीत 'वाणी-बकाल' असा जोडशब्द होता. दुकानदाराचा शब्द घसरत घसरत उकिरड्यावर आला. ठीक आहे. शब्द वापरून वापरून झिजतो, तिथं गुन्हेगार शोधायचं कारण नाही. पण अर्थ दर वेळी आपोआप बदलत नाही. कुठं तो बदलतो आणि कुठं बदलला जातो, हे कार्यकर्त्याला ओळखता आलं पाहिजे.

मराठीनं त्यासाठी दोन शब्द दिलेत. गैरसमज 'होतो', पाऊस पडावा तसा. करणारा कुणीच नाही. 'करून घेतला' म्हटलं तर दोष ऐकणाऱ्याच्याच माथी. विपर्यास म्हटलं की मात्र लगेच प्रश्न येतो : कुणी केला?

माझी आजी तक्रार सांगायला गेली. म्हणाली, "त्यानं मले इहिरीवरून हाकललं." लिहून घेणाऱ्यानं लिहिलं, 'पाणी भरण्यावरून गैरसमजातून शाब्दिक बाचाबाची झाली.' आजीला वाचता येत नव्हतं. तिनं अंगठा दिला. बघा, एका वाक्यात काय काय गेलं. हाकलणारा गेला, जात गेली. बाचाबाची दोघांची असते, म्हणजे आजीही भांडखोर ठरली. खोटं असं एकही अक्षर नाही म्हणतील. पण सांगितलं ते उरलंच नाही.

याला आपण 'ध चा मा केला' म्हणतो. ती म्हण कुठली? पेशवाईतली. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला कापलं. गोष्ट अशी सांगतात की हुकूम 'धरावे' असा होता, राघोबाच्या बायकोनं, आनंदीबाईनं, 'ध'चा 'मा' करून 'मारावे' केलं. गादी मिळाली कुणाला? राघोबाला. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं कुणाला? राघोबालाच. पण म्हणीत अडकली बाई. म्हणजे विपर्यासाला नाव देणाऱ्या म्हणीतच केवढा विपर्यास! मराठी भाषा कुणाच्या वाड्यात वाढली, ते यातून कळतं. आपण ती म्हण वापरतो, तेव्हा तो आरोपही उचलून धरतो.

बाबासाहेबांच्या बाबतीत हेच चाललंय. २ सप्टेंबर १९५३ ला राज्यसभेत ते संतापून म्हणाले की ही घटना जाळायला मीच पहिला पुढे येईन. एवढंच कापून आजही फिरवतात. त्याच भाषणात अल्पसंख्यांना डावलू नका असं बहुमतवाल्यांना बजावलं, ते कापतात. १९ मार्च १९५५ ला त्याच सभागृहात त्यांना याबद्दल विचारलं गेलं. त्यांनी खुलासा केला : देवासाठी देऊळ बांधलं, पण देव बसण्याआधीच त्यात सैतान शिरले. खुलासा छापील आहे, कुणालाही वाचता येतो. तरी जो अर्धंच सांगतो, त्याचा गैरसमज झालेला नाही.

उलट उदाहरणही आहे. १९७२ साली 'गोलपिठा' आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. हे जग आणि त्याची भाषा आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांनी तिथं कबूल केलं. समीक्षकाला एवढं जमलं तरी पुष्कळ. कळलं नाही तर विचारावं. न विचारता 'अश्लील' म्हणून शिक्का मारणं ही समीक्षा नव्हे.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या बॅनरवर काय असतं? शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत जे तीन शब्द दिले त्यांचा क्रम होता : एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज. अ‍ॅजिटेट मधोमध. त्यात आंदोलन आहेच, पण आधी मन ढवळणं आहे, माणूस पेटवणं आहे. शिकलेला माणूस आतून पेटतो, मग पेटलेले एकत्र येतात. आपण संघर्ष शेवटी नेला आणि त्याचा मोर्चा केला. मोर्चा संपला की संघर्ष संपला. संघटना मात्र पेटायच्या आधीच उभ्या राहिल्या. अध्यक्ष झाले, सेक्रेटरी झाले, गट झाले. सगळी फूट या क्रमामुळं पडली असं मी म्हणत नाही. पण ढवळायचं राहून गेलं, हे खोटं आहे का?

ही चूक कुणी मुद्दाम केली असं नाही. भाषांतरात झाली, तोंडी बसली, घोषणेला ताल मिळाला. तोवर तो गैरसमज. पण माहीत झाल्यावरही तेच रंगवत राहिलो, तर करणारे आपण. मग आजीचा कागद लिहिणाऱ्याला कुठल्या तोंडानं जाब विचारायचा?

पुढचा बॅनर रंगवायच्या आधी मूळ भाषण काढून वाचा, मित्रहो. आणि तुमच्या आजीचा कागद लिहाल तेव्हा ती बोलली तसंच लिहा, 'इहिरी'सकट.

जय भीम.