वन्स मोअर म्हणजे पुन्हा तेच नव्हे

ओळखीचं गाणं माणूस ऐकत नाही, तपासतो. किराण्याच्या बिलासारखं. मुखडा आला, हरकत आली, शेवटची ओळ दोनदा झाली, बेरीज बरोबर! गायकाने एखादी जागा बदलली की आपण चष्मा कपाळावर चढवून शेजाऱ्याकडे बघतो. अशा हिशेबी कानांना जॅझ सोसत नाही, यात नवल ते काय? तिथे सगळ्यांना पाठ असलेली चाल घ्यायची, ती मोडून बघण्यासाठीच.

जॉन कोल्ट्रेनचं 'माय फेव्हरिट थिंग्ज' घ्या. मूळ गाणं 'द साउंड ऑफ म्युझिक' या १९५९ सालच्या संगीत नाटकातलं, चाल रिचर्ड रॉजर्सची. म्हणजे साहेबाचं नाट्यपदच की! कोल्ट्रेनने ऑक्टोबर १९६० मध्ये ते ध्वनिमुद्रित केलं आणि चांगलं पावणेचौदा मिनिटांपर्यंत नेलं. सोप्रानो सॅक्सोफोनवर तो आधी चाल नीट सांगतो आणि मग जो रानात शिरतो तो शिरतोच. खाली मॅककॉय टायनरचा पियानो मात्र दोनच स्वरमेळांभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो.

वडशाला आमच्या शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना मी ही तबकडी ऐकवली. पाचेक मिनिटं त्यांनी दम धरला. मग म्हणाले, "गानं बेस आहे जी. पन हा बुवा घरी वापस कधी येते?"

जॅझवर जाडजूड पुस्तकं लिहिणाऱ्यांनी याहून नेमका प्रश्न काय विचारला असेल? भटकायला कोणाची ना नाही, पण घर लक्षात आहे का? कोल्ट्रेनच्या लक्षात आहे. तो पुन्हा पुन्हा मूळ चालीवर येतो, आणि दर खेपेला ती बिचारी साधी चाल जरा जास्त सोसलेली, जास्त शहाणी वाटते. तबकडी संपली तेव्हा पोस्टमास्तर मांडी ठोकून म्हणाले, "वन्स मोअर लावा जी! पन आता जरा येगळं वाजवाले सांगा त्याले."

तुम्ही हसाल. पण हा कान तबकड्यांवर वाढलेला नाही, झाडीपट्टीच्या नाटकांवर वाढलेला आहे. दिवाळी झाली, धान घरात आलं, की मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव नाटकं लागतात. नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या वडशात, आणि खेळ रात्रभर. ऑर्गन, तबला रंगमंचापुढे जिवंत. पद रंगलं की मांडवातून 'वन्स मोअर' येतो. त्याचा अर्थ 'तेच पुन्हा' असा नसतो, 'आता आणखी काय आहे तुझ्याजवळ?' असा असतो. रात्री तीनला नटाचा दम पुरत नाही, तेव्हा ऑर्गनवाला दोन आवर्तनं स्वतःकडे घेतो, तबलजी लय चढवतो, नट तेवढ्यात थुंकी गिळून तिसऱ्याच वाटेने मुखड्यावर येतो. न्यूयॉर्कच्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये १९४० नंतरच्या काळात पार्कर, गिलेस्पी, मंक ही मंडळी रात्री जमून जे करत, त्याला जॅम सेशन म्हणतात. आमच्याकडे त्याला नाव नाही, एवढाच फरक.

आणि हे सगळं आडगावचं कौतुक समजू नका. १९६७ सालच्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी एकच पद दोघांच्या तोंडी घातलं. पंडितजी ते संथ गातात. तेच शब्द खाँसाहेब दुसऱ्या रागात, धावत्या लयीत गातात. चाली जितेंद्र अभिषेकींच्या, खाँसाहेब वसंतराव देशपांडे. शब्द तेच, म्हणून तर दोन घराण्यांचं भांडण कानाला कळतं. पदं वेगळी असती तर नुसता कार्यक्रम झाला असता.

आता, बदलली चाल की झाली कला, असंही नाही. एका कंपनीच्या खेळात आईच्या मरणाच्या पदाला कीबोर्डवाल्याने कोकिळा, पाऊस आणि आगगाडी एवढं सगळं वाजवलं. आई गेली की गाडी, तेच कळेना. ते जॅम सेशन नव्हे, मालाची यादी. कसोटी साधी आहे. बदल ऐकल्यावर मूळ चाल जास्त आठवली तर तो बदल खरा. नुसता वाजवणारा आठवला तर पोस्टमास्तरांचा प्रश्न विचारावा.

पण माझी खरी धास्ती निराळी आहे. हल्ली मांडवातली पोरं 'मोबाइलमध्ये आहे तसंच म्हना' असं ओरडतात. तसंच हवं असेल, तर ते यंत्र बिनचूक देतं, चहासुद्धा मागत नाही. मग चार-पाच महिन्यांच्या हंगामावर वर्षाचं घर चालवणाऱ्या ऑर्गनवाल्याला कोण कशाला बोलावील? त्याची भाकरी त्या दोन आवर्तनांत आहे, जी कुठल्याच तबकडीवर नाहीत. तेव्हा पुढच्या मंडईला वन्स मोअर जरूर द्या. मात्र दुसऱ्या खेपेला गाणं बदललं, तर बिल तपासत बसू नका. तेवढी सूट त्याची असते.