अनुपस्थित आरोपी आणि न्यायविधी

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (प्रथम प्रयोग 1967) या नाटकाची चर्चा स्वाभाविकपणे लीला बेणारेच्या कोंडीभोवती फिरते. परंतु नाटकातील मंडळी खेडेगावात येतात ती तिच्यावर खटला भरण्यासाठी नव्हे. रात्रीच्या कार्यक्रमातील त्यांचा आरोपी आहे अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन, आणि आरोप अण्वस्त्रनिर्मितीचा. संहितेच्या मुळाशी एक अभिरूप आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे. हा तपशील केवळ विनोदापुरता मानता येणार नाही.

न्यायसभा ही खेळाप्रमाणेच नित्य व्यवहारापासून रेखून वेगळी केलेली जागा असते, असे योहान हुइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’मध्ये (1938) मांडले. तेंडुलकर या विचाराची काळी बाजू दाखवितात. शपथेला धर्मग्रंथाऐवजी शब्दकोश चालतो, न्यायाधीश कान कोरीत बसतो. तरीही विधीची पकड सैल होत नाही. कारण ती उपचारांच्या पावित्र्यावर नव्हे, तर समोर उभ्या केलेल्या देहावर अवलंबून आहे. जॉन्सनला पिंजऱ्यात आणता येत नाही. बेणारेला आणता येते.

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेमके उलट घडते. पुकारा होताच सारे उभे राहतात, काळ्या झग्यातील न्यायाधीश आसनस्थ होतात. मात्र तेथे पक्षकार केवळ राष्ट्रेच असतात. कुलभूषण जाधव प्रकरणी 17 जुलै 2019 रोजी निर्णय वाचला गेला, तेव्हा ज्याच्या प्राणांचा प्रश्न होता तो पाकिस्तानच्या कैदेत होता. न्यायालयाने 15 विरुद्ध 1 मतांनी शिक्षेच्या परिणामकारक फेरविचाराचा आदेश दिला; सुटकेचा नव्हे. या न्यायालयापाशी स्वतःचे पोलीस नाहीत. म्हणूनच तेथील समारंभ हा शोभेचा भाग नसून अधिकाराचा एक आधार आहे: दोन असमान राष्ट्रांना तो काही काळ समान पातळीवर बसवितो आणि बलवंताला बांधून घेऊ पाहतो.

तेव्हा न्यायविधी म्हणजे निव्वळ ढोंग, हा निष्कर्ष अपुरा आहे. एकच विधी बेणारेला चिरडतो आणि राष्ट्राला आवरतो. तरीही एक साम्य उरतेच. बेणारेला निवेदनासाठी दहा सेकंद मिळतात. ती बोलते तेव्हा न्यायसभा गोठलेली असते आणि तिचे शब्द कामकाजात शिरत नाहीत. हेगच्या सभागृहातही बंदिवानाचा स्वतःचा आवाज नसतो. त्याच्या वतीने राष्ट्र बोलते. विधी कोणाला बोलू देतो, हे पाहताना तो कोणाला समोर उभे करू शकतो, हेही पाहिले पाहिजे. जॉन्सनच्या रिकाम्या पिंजऱ्याने तेंडुलकरांनी हाच प्रश्न उभा केला आहे.