झाकलेली पाने

टेनेसी विल्यम्सचे ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ हे नाटक मी प्रथम वाचले, तेव्हा पत्त्यांतले मला मेंढीकोट आणि तीन पत्ती यांपलीकडे काही कळत नव्हते. १९४७ साली न्यूयॉर्कला रंगभूमीवर आलेल्या या नाटकासाठी लेखकाने आधी ‘द पोकर नाइट’ हे नाव योजले होते. न्यू ऑर्लीन्सच्या त्या दोन खोल्यांत स्टॅन्ली आणि त्याचे मित्र तिसऱ्या व अखेरच्या प्रवेशात पोकर खेळतात. ते सारे मी वातावरणनिर्मिती समजून ओलांडून जात असे. आश्रयाला आलेली मेहुणी ब्लांश खोटे बोलते, स्टॅन्ली ते उघडकीस आणतो, एवढाच मला त्या संघर्षाचा अर्थ वाटे. गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांनी मला पोकरचे प्राथमिक नियम शिकविले आणि हा अर्थ डळमळला.

पहिल्याच डावात मी फसलो. तीन पत्तीत सीक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये नेमके उलट. पाच पानांत कलर ५,१०८ प्रकारांनी जमतो, सीक्वेन्स १०,२०० प्रकारांनी; जे दुर्मीळ ते श्रेष्ठ. हा हिशेब समजल्यावर अखेरच्या प्रवेशातला स्टॅन्लीचा उन्माद मला उमगला. मधलेच पान नसलेला सीक्वेन्स त्याने पुरा केलेला असतो. हातची पाच पाने वगळता उरतात ४७. त्यांत उपयोगाची अवघी चार. म्हणजे बारांत जेमतेम एक संधी! जाणता खेळाडू बहुधा अशी पाने टाकून देईल. स्टॅन्ली मात्र सालेर्नोच्या लढाईचा दाखला देतो आणि आपण नशीबवान आहोत या विश्वासालाच नशीब म्हणतो. वाईट खेळून जिंकलेल्या माणसाचे हे तत्त्वज्ञान आहे.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा. हलक्या पानांवर मोठी रक्कम लावून समोरच्याला हटविणे ही पोकरमध्ये लबाडी मानीत नाहीत. ती थाप खेळाचाच भाग आहे. कुणाला पाने पाहायची असतील, तर त्याने तेवढीच रक्कम लावावी. सगळ्यांनी माघार घेतली, तर जिंकणाऱ्याला पाने दाखवावीही लागत नाहीत.

या नियमाने पाहू गेले तर ब्लांशकडे काय होते? लपविलेले वय, दिव्यावरचा कागदी कंदील आणि गमावलेल्या वाडवडिलांच्या इस्टेटीची ऐट. या हलक्या पानांवर तिने उरलेले सारे आयुष्य लावले. स्टॅन्लीने काय लावले? काहीच नाही. त्याने लॉरेल गावाकडून माहिती काढली, म्हणजे मागून डोकावून पाने पाहिली. आणि पुढे त्याने तिच्यावर बलात्कार केला, तेव्हा खेळ उरलाच नाही, उरले ते नुसते बळ.

संसार म्हणजे पत्त्यांचा डाव नव्हे, असा आक्षेप कुणी घेईल. तो मला मान्य आहे. मिच तिच्याशी लग्न करणार होता. त्याने स्वतःचे आयुष्य लावले होते आणि सत्य जाणण्याचा त्याला हक्क होता. तो कंदील ओढून काढतो, दंडेलीवरही येतो; तरी त्याच्या वागण्यात मला दुःख दिसते. स्टॅन्लीला तेवढीही सूट देणे मला जमत नाही.

नाटकाचे शेवटचे वाक्य नव्या डावाची घोषणा करते. हा डाव सात पानांचा: चार उघडी, तीन झाकलेली. तोवर ब्लांशला वेड्यांच्या इस्पितळाकडे नेलेले असते. बहिणीची हकीकत खरी मानली, तर नवऱ्याजवळ राहता येणार नाही, हे स्टेला जाणते. ज्या घरात एका बाईची सगळी पाने बळाने उघडली गेली, त्याच घरात दुसरी बाई एक पान पालथेच ठेवते. ते पाहण्याची किंमत तिला ठाऊक असते.