शिलावर्तुळातील शस्त्र आणि व्याकरणातील लिंग

सिकंदराबादेनजीक मौला अलीच्या परिसरात महापाषाणकालीन दफने आहेत. हैदराबाद भागातील अशा दफनांवर डॉ. ई. एच. हंट यांनी १९२४ साली विवेचक लेख प्रसिद्ध केला. पुढे विदर्भात टाकळघाट-खापा व माहुरझरी येथील शिलावर्तुळे डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनित केली. तेथे लोखंडी शस्त्रांसमवेत घोड्यांचे अवशेषही मिळाले.

अशा दफनात शस्त्र आढळले की ‘येथे वीर पुरला होता’ असे वाक्य सहज लिहिले जाते. आमचा आक्षेप त्यातील ‘पुरला’ या पदावर आहे. मराठीत ‘वीर’ पुल्लिंगी आणि ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी. परंतु यांपैकी कोणतेही लिंग अस्थिपरीक्षेतून निष्पन्न झालेले नसते. जे शास्त्राने सांगावयाचे, ते व्याकरण आधीच सांगून मोकळे होते.

या ग्रहास वीरगळ व सतीशिळा यांचा संस्कार पोषक ठरतो. एकीवर बांगड्या ल्यालेला, कोपरात वाकलेला हात. दुसऱ्यावर बहुधा लढणारा पुरुष. परंतु ही स्मारके शिलावर्तुळांहून हजारावर वर्षांनी अलीकडची. त्यांतील रूढी मागे नेऊन लादणे हा कालविपर्यास होय.

स्वीडनमधील बिर्का येथील उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १८७८ साली उघडलेल्या तेथील एका दफनात तलवार, परशू, भाले, बाण आणि दोन घोडे होते. शतकाहून अधिक काळ ते पुरुषयोद्ध्याचे म्हणून गणले गेले. २०१७ साली जनुकीय परीक्षेने त्या अस्थी स्त्रीच्या ठरविल्या.

तथापि येथे उलट टोकही टाळावे. अस्थी स्त्रीच्या ठरल्या, एवढ्याने ती रणांगणी लढली असे सिद्ध होत नाही. दफनसामग्री मृताने निवडलेली नसते. ती मागे उरलेल्यांनी ठेवलेली असते. तीत कुळाचा मान, वारसा वा शोकही असू शकेल. शिवाय दख्खनच्या कित्येक दफनांत एकाहून अधिक व्यक्तींच्या अस्थी एकत्र आढळतात. मग शस्त्र कोणाचे म्हणावे?

म्हणून अध्यापकांनी वर्गात प्रथम सामग्री, मग अस्थिपरीक्षा आणि शेवटी अनुमान असा क्रम पाळावा, असे आम्हांस वाटते. परीक्षा झाली नसेल तेथे ‘दफनात शस्त्र होते’ एवढेच लिहावे. वाक्य तोकडे होईल खरे. परंतु वर्गातील मुलींना पूर्वजांच्या इतिहासातून विनापुरावा वगळण्याचा दोष त्यास लागणार नाही.