अनुबोधपटातील शोक : ‘सेन्योरिता एक्स्त्राविआदा’च्या निमित्ताने

क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकीच्या मुखातून श्लोक उमटला, ही कथा भारतीय काव्यविचारात पुनःपुन्हा सांगितली गेली आहे. तिच्यावर भाष्य करताना अभिनवगुप्ताने एक सावधगिरीची सूचना दिली आहे : हा शोक मुनीचा व्यक्तिगत शोक समजू नये. तो तसा असता, तर दुःखाने व्याकूळ झालेल्या मुनीकडून काव्यनिर्मिती झालीच नसती. शोकाचा करुण व्हावयाचा, तर ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ ही बंधने गळून पडावी लागतात. विशिष्ट स्थलकालाचा आग्रह हे रसास्वादातील एक विघ्नच होय. काव्यनाटकांपुरता हा विचार आजही अढळ वाटतो. परंतु जेथे मृत स्त्री कल्पित नाही, जिचे नाव पोलिसांच्या दप्तरात असावयास हवे होते आणि धड नोंदलेही गेले नाही, आणि जिच्या आईला रसाची नव्हे तर न्यायाची अपेक्षा आहे, तेथे साधारणीकरणाचे काय होते? तपास न लागलेल्या, किंबहुना तपास करण्याच्या योग्यतेचेच न मानल्या गेलेल्या स्त्रीहत्यांवर गेल्या काही दशकांत जे अनुबोधपट निघाले, त्यांनी हा प्रश्न समीक्षेपुढे आणून ठेवला आहे. त्यांतील बहुतेकांना त्याची जाणीव नाही. लूर्देस पोर्तियो हिच्या ‘सेन्योरिता एक्स्त्राविआदा’ (२००१) ह्या अनुबोधपटाला मात्र ती पुरेपूर आहे.

सिउदाद हुआरेस हे मेक्सिकोच्या चिवावा राज्यातील सरहद्दीवरचे शहर. नदीपलीकडे अमेरिकेतील एल पासो. परदेशी मालाची जुळणी करून तो पुन्हा निर्यात करणारे ‘माकिलादोरा’ नावाचे कारखाने येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले, आणि १९९४ च्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारानंतर त्यांचा विस्तार झाला. ह्या कारखान्यांत कामासाठी दूरदूरच्या खेड्यांतून कोवळ्या वयाच्या मुली आल्या. वस्त्यांत दिवे नव्हते, पक्के रस्ते नव्हते. पहाटेच्या पाळीसाठी काळोखातून बस गाठावयाची. १९९३ पासून शहराबाहेरच्या वाळवंटात, लोते ब्रावो, लोमास दे पोलेओ अशा ठिकाणी, मुलींचे देह सापडू लागले. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २००३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार हुआरेस आणि चिवावा येथे दहा वर्षांत सुमारे ३७० स्त्रियांचे खून झाले होते, आणि त्यांपैकी किमान १३७ जणींवर मृत्यूपूर्वी लैंगिक अत्याचार झाला होता.

चित्रपटाच्या नावापासूनच दिग्दर्शिकेची भूमिका स्पष्ट होते. ‘एक्स्त्राविआदा’ ह्या स्पॅनिश शब्दाला ‘हरवलेली’ असा अर्थ आहे, तसाच ‘वाट चुकलेली’ असाही आहे. आणि मराठीप्रमाणेच तेथेही वाट चुकणे हे पायांचेही असते व शीलाचेही. मुलगी बेपत्ता झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या आईला ‘ती कुणा मित्राबरोबर गेली असेल, येईल परत’ असे सांगणारे अधिकारी, आणि मृत मुली दुहेरी आयुष्य जगत होत्या असे सुचविणारी सरकारी विधाने, हा ह्या हत्याकांडाचा दुसरा अध्याय होता. पोर्तियोने अधिकाऱ्यांच्या तोंडचा कलंक उचलून शीर्षकात ठेवला आहे. चित्रपट पुढे सरकतो तसतसा त्या शब्दातील दुसरा अर्थ मुलींना सोडून सुटतो आणि तपास करणाऱ्यांना जाऊन चिकटतो. वाट चुकलेली आहे ती यंत्रणा.

पोर्तियो स्वतः चिवावाची. ह्यापूर्वी सुसाना मुन्योस हिच्यासमवेत तिने ब्वेनोस आयरेसच्या प्लासा दे मायो चौकात आपल्या बेपत्ता मुलांसाठी फेऱ्या घालणाऱ्या मातांवर अनुबोधपट (१९८५) केला होता. तेथे शत्रूला चेहरा होता, गणवेश होता. लष्करी राजवटीचे नाव घेता येत होते. हुआरेसमध्ये ही सोय नाही. येथे मारेकरी एक आहे की अनेक, हेच कोणाला माहीत नाही, आणि पोलीस ह्या प्रकरणात केवळ आळशी आहेत की आणखी काही, हेही नाही. एक इजिप्शियन रसायनतज्ज्ञ १९९५ मध्ये पकडला जातो. तरी खून चालूच. १९९६ मध्ये एक तरुणांची टोळी पकडली जाते, खून चालूच. १९९९ मध्ये बसचालक धरले जातात; तरीही चालूच. रहस्यकथेत अटक ही समाप्ती असते. बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकाला शेवटच्या पानावर सुखाची झोप लागत असे, आणि त्यात गैर काही नव्हते, कारण ते प्रेत कागदाचे होते. येथे प्रत्येक अटक ही पुढील प्रेताची प्रस्तावना ठरते. ही रचना दिग्दर्शिकेने योजिलेली क्लृप्ती नव्हे. वस्तुस्थितीचाच तो आकार आहे. तो तिने बिघडविला नाही.

ह्या अनुबोधपटाचे खरे सामर्थ्य त्याने जे दाखविण्याचे नाकारले त्यात आहे. स्त्रीहत्येवरील चित्रणात मृतदेह हे भांडवल असते. प्रेक्षकाची बीभत्साविषयीची उत्सुकता चाळवून वर करुणेचा मुलामा द्यावयाचा, हा ह्या प्रकारातील रूढ व्यापार. पोर्तियो देह दाखविण्यात रमत नाही. तिच्यापाशी छायाचित्रे आहेत, कपडे आहेत, आयांचे बोलणे आहे. आणि विजेच्या खांबांवर गुलाबी चौकटीत रंगविलेले काळे क्रूस आहेत. मृत मुलींच्या नातेवाइकांच्या ‘व्होसेस सिन एको’ ह्या संघटनेने हे क्रूस रंगविण्यास प्रारंभ केला; नावाचा अर्थ, प्रतिध्वनी नसलेले आवाज. रंगाचा ब्रश घेऊन खांबापाशी उभ्या असलेल्या ह्या बायकांच्या दृश्यात कोणतेही भाष्य लागत नाही. शहराने पुसलेले ते पुन्हा लिहीत आहेत, एवढेच दिसते, आणि ते पुरते.

दुसरी एक गोष्ट धैर्याची आहे. तुरुंगात पोलिसांनीच आपल्यावर अत्याचार केला, असे सांगणारी एक स्त्री ह्या चित्रपटात आहे. तिचे निवेदन एकसलग येत नाही. ते तुकड्यातुकड्यांनी, इतरांच्या कथनांत अधूनमधून येत राहते. प्रेक्षक तिच्याकडे परत परत येतो आणि दर वेळी थोडे अधिक ऐकतो. ज्या विषयात बोलणाऱ्या बहुतेक जणी मृत आहेत, तेथे एक जिवंत साक्षीदार मिळाल्यावर तिला चित्रपटाचा परमोत्कर्ष करून टाकण्याचा मोह कोणालाही झाला असता. पोर्तियोने तिला धाग्यासारखे वापरले आहे.

मात्र सर्वच ठिकाणी हा संयम टिकलेला नाही. शहराच्या रस्त्यांवरून चालणाऱ्या तरुणींवर कॅमेरा जेव्हा रेंगाळतो, तेव्हा प्रेक्षक नकळत हिशेब करू लागतो : ही सडपातळ, सावळी, गरीब; म्हणजे हीही? मृत मुलींचा असा एक ‘नमुना’ वृत्तपत्रांनी आणि तपासयंत्रणेने घडविलाच होता. त्या नमुन्यावर बोट ठेवताना चित्रपट क्षणभर मारेकऱ्याच्याच नजरेतून पाहू लागतो, आणि ह्याचे भान त्याला असल्याचे जाणवत नाही. धार्मिक संगीताची योजनाही काही ठिकाणी अनावश्यक वाटते. आई बोलत असताना पार्श्वभूमीने शोक सुचवावा लागत नाही.

तुलनेसाठी निक ब्रूमफील्डचा ‘टेल्स ऑफ द ग्रिम स्लीपर’ (२०१४) पाहावा. दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय स्त्रिया १९८० च्या दशकापासून मारल्या जात होत्या. एकच शस्त्र अनेकींवर वापरले गेल्याचे पोलिसांना ठाऊक असूनही वस्तीला त्यांनी सावध केले नाही. आरोपीला अटक झाली २०१० मध्ये. ब्रूमफील्ड चौकशी करीत दारोदार फिरतो, आणि त्याची शोधवृत्ती खरी आहे. पण चित्रपटाचे नावच मारेकऱ्याचे आहे, तेही वृत्तपत्रांनी दिलेले लडिवाळ टोपणनाव. शोधकर्ता आणि मारेकरी ह्या दोघांच्या मध्ये स्त्रिया पुन्हा एकदा पुराव्याच्या जागी जाऊन बसतात. उलट, कॅनडातील आदिवासी स्त्रियांच्या हत्यांवरील क्रिस्टीन वेल्श हिचा ‘फाइंडिंग डॉन’ (२००६) एका स्त्रीचे नाव शीर्षकात घेतो आणि त्या नावाच्या ‘पहाट’ ह्या अर्थाकडे जाऊ पाहतो. आशेची ही ओढ समजण्यासारखी आहे. पोर्तियोने ती स्वतःला परवडू दिली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे यावयाचे, तर अभिनवगुप्ताचा सिद्धांत येथे मोडतो असे नव्हे. त्याची दिशा पालटते. पोलीस दप्तराने केले तेही एक साधारणीकरणच होते : आणखी एक मुलगी, आणखी एक अशीच. व्यक्तीला व्यक्तिपणातून काढून घेण्याची ती क्रिया रसाकडे नव्हे, विस्मृतीकडे नेणारी होती. म्हणून पोर्तियोला आधी विघ्नच निर्माण करावे लागते. ही अमुक मुलगी, ही तिची आई, हा तिचा फ्रॉक, असा स्थलकालविशेषाचा आग्रह धरावा लागतो. प्रेक्षकाला हे दुःख ‘परक्याचे’ आहे हे विसरता येत नाही, आणि विसरता येऊही नये. तरीही एकामागून एक आया बोलत जातात तेव्हा त्या बोलण्यातून काही सामाईक असे साठत जाते, आणि ते नमुन्याहून अगदी वेगळे असते. ह्याला करुण म्हणावे की नाही, ह्याविषयी मतभेद होईल. आस्वादाची विश्रांती त्यात नाही, हे निश्चित.

२००२ साली सनडान्स महोत्सवात ह्या अनुबोधपटाला परीक्षकमंडळाचे विशेष पारितोषिक मिळाले. पोर्तियो २०२४ मध्ये निवर्तली. चित्रपट पुढे आला त्याच वर्षी, नोव्हेंबर २००१ मध्ये, हुआरेसमधील कापसाच्या एका शेतात आठ देह सापडले. तीन मुलींच्या आया ते प्रकरण घेऊन आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेल्या, आणि १६ नोव्हेंबर २००९ च्या निकालात न्यायालयाने मेक्सिकोच्या शासनाला जबाबदार धरले; तपासातील दिरंगाई, ओळख पटविण्यातील हयगय आणि अधिकाऱ्यांचे स्त्रियांविषयीचे पूर्वग्रह ह्यांवर त्यात स्पष्ट ताशेरे आहेत. कायद्यालाही विशिष्ट नावच लागते. ‘अशा अनेकी’ ही भाषा त्याला चालत नाही. त्या शेतात सापडलेल्या उरलेल्या पाच जणींची प्रकरणे ह्या निकालाच्या कक्षेत आली नाहीत.